दोघांची एकच पायरी

शर्मिलाच्या पहिल्या नातीचं बारसं झालं, ते २०६१ साल. त्याआधी महिनाभर तिच्या आणि किशोरदादाच्या गळ्याच्या हाडाखाली औषधकुपी बसवली होती. काडेपेटीएवढी वस्तू, रक्तदाब मोजायची आणि हवं तेवढं औषध थेट रक्तात सोडायची. दोघं जुळी. दादा अकरा मिनिटांनी मोठा, पण त्या अकरा मिनिटांचा मान त्याने पासष्ट वर्षं वसूल केला होता.

बारशाच्या दिवशी पाळण्याची दोरी हातात असतानाच शर्मिला कोसळली. मग रोजचंच झालं. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. शेवटी मिरजेच्या इस्पितळात खाट धरावी लागली. तिथे डॉक्टर नाझनीन मुल्ला आणि कुपीतज्ज्ञ थोरात तिच्या उशाशी उभे राहिले. दादा स्टुलावर बसून होता.

"यांना पहिल्या पायरीचा डोस पुरतो," थोरात म्हणाले. "कुपी सहावीवर गेली आहे."

"दाब नव्वदच्या खाली असताना कुपी औषध वाढवतेच कशी?" मुल्लांनी विचारलं.

"रक्तजोडीमुळे. सख्ख्या भावंडांचं रक्त औषधाला सारखंच वागतं, या हिशेबाने त्यांच्या कुप्या एकमेकींशी जोडल्या आहेत. दोघांत ज्याचा दाब चढा, त्याच्यावरून दोघांची पायरी ठरते. कमी दाबाला कुपी तात्पुरती चक्कर समजते, चढ्या दाबाला आजार."

"मग बंद करा ना मेलीला," शर्मिला म्हणाली.

"मावशी, तिला बाहेरून हुकूम चालत नाही. लांबून कुणी कुणाचा डोस बदलू नये म्हणून कायद्यानेच ती कुलूपबंद केली आहे. आणि कापून काढली तर एवढं औषध एकदम तुटेल, दाब उसळून मेंदूत रक्तस्राव होईल. ती आपणहूनच उतरायला हवी. चढते दिवसाला, उतरते चार दिवसांना एक पायरी."

शर्मिलाने गळ्याखाली बोट ठेवलं. कातडीच्या आत ती कोमट लागत होती. आपल्याच अंगात कुणीतरी आतून कडी लावून बसलंय, असं तिला वाटलं.

मुल्ला दादाकडे वळल्या. "काका, दाब तुमचा चढतोय. दुसरं काही औषध घेता?"

"छे! गोळीला शिवत नाही मी."

"मग गालात काय आहे?"

"हे होय? ज्येष्ठमध. बत्तीस वर्षं एसटी स्टँडवर गाड्या पुकारल्या, डॉक्टर. घसा शाबूत आहे तो यावर."

"दिवसाला किती?"

"मोजतंय कोण! चालूच असतं."

मुल्लांनी कपाळाला हात लावला. "मी तीनदा विचारलं होतं तुम्हाला. ते अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं, दाब चढवतं."

"अहो, मुळी आहे ती झाडाची. औषध थोडंच आहे?"

"काका, चघळत राहिलात तर बहीण हातची जाईल. आणि सोडलंत, तर आठवड्यात तुमचा दाब उतरेल, वरचं औषध मात्र चालूच राहील. मग अंधारी तुम्हाला येईल. तीन आठवडे इथे पडून काढावे लागतील. सलाईन देऊ, नजर ठेवू. पण सोपं नाही."

दादाने मुळी गालातून काढून रुमालात गुंडाळली. "शमे, खिडकीजवळची खाट माझी."

"ती मी आधी सांगून ठेवलीय."

"अकरा मिनिटं, शमे."

खाट त्यालाच मिळाली.

पायऱ्या उतरू लागल्या. पाचवी, मग चौथी. पण दादा त्यांच्याहून वेगाने उतरला. दहाव्या दिवशी न्हाणीघराच्या दारात पडला, कपाळाला सहा टाके. ज्याच्या आवाजाने अख्खा स्टँड वळायचा, त्याची हाक शेजारच्या खाटेपर्यंत येईना. शर्मिला कुशीवर पडून बघत राहायची. तिला उठता येत नव्हतं, त्यालाही नाही.

दादाचा सदरा दोन खाटांच्या मध्ये खुंटीवर होता. पडल्या पडल्या हात लांबवून खिशातली ज्येष्ठमधाची पुडी तिने काढून घेतली. तिचा हिशेब सरळ होता. मुळी चघळणाऱ्याला हे औषध सोसतं. आपल्याला सोसलं, की दादालाही त्याची मुळी परत घेता येईल. कुणालाच मरायला नको. डॉक्टरीणबाई नाहीच म्हणणार, म्हणून आधी करून दाखवायचं, मग सांगायचं. दादाच्या कुपीची काळजी तिला वाटलीच नाही. धाकट्याच्या करण्याने थोरल्याचं पाऊल हललंय, असं त्यांच्या घरात कधी झालं नव्हतं.

"मावशी, बाहेरचं काही घेता का?" नर्स रोज विचारायची.

"नाही गं बाई."

तिचा दाब वर येऊ लागला, तसा वॉर्ड खूश झाला. मुळी चघळायला लागल्याच्या नवव्या सकाळी ती भिंतीचा आधार न घेता चालत दादाच्या खाटेपाशी गेली.

"दादा, बघ. उभी आहे मी."

त्याने डोळे उघडले नाहीत. ओठ निळसर दिसत होते. तिने ओरडून नर्सला बोलावलं. मागोमाग मुल्ला धावत आल्या आणि थोरातही.

"कुपी दुसरीवर आली होती, काल तिसरीवर गेली, आज चौथी," थोरात म्हणाले. "मावशींच्या दाबाने काल हद्द ओलांडली. आम्ही समजलो, मोजण्यात चूक आहे."

शर्मिलाने तोंडातली मुळी तळहातावर काढली आणि पुढे धरली.

ती म्हणाली, "पण कुपी तर दादाच्या मागून चालते ना?"

"नाही, मावशी," थोरात म्हणाले. "तिला थोरलं-धाकटं कळत नाही. ज्याचा दाब चढा, तो पुढे."

"मग मी आत्ता सोडते. उतरवा."

"उतरेल," मुल्ला म्हणाल्या. दादाच्या मनगटावरचं बोट त्यांनी काढलं नव्हतं. "आठवड्याने तुमचा दाब उतरेल. त्यानंतर चार दिवसांनी एक पायरी."

किशोर ढवळे दुसऱ्या दिवशी, ९ नोव्हेंबर २०६१ रोजी, बुधवारी, सकाळी अकरा वाजता वारले.