ठुशीला पाणी नको

ज्या रोपांना मी जिवापाड जपलं ती मेली, आणि ज्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही ती जगली. असं का व्हावं? हे कोडं मला अकराव्या वर्षी पडलं आणि उत्तर कळेपर्यंत मी पुष्कळ रडले.

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी बाबांनी मला वासंतीआत्याकडे पाठवलं. आत्या वनस्पतिशास्त्रज्ञ. हिमालयात, लाहौलच्या एका उंच खोऱ्यात तिचं छोटं संशोधन केंद्र होतं. तिथे आम्ही दोघी आणि एक यंत्रमानव. थंडीत तो इतका रेंगाळायचा की आत्याने त्याचं नाव ठोंब्या ठेवलं होतं. नोव्हेंबरनंतर रस्ता बंद व्हायचा, मग सामान ड्रोनने यायचं, तेही आभाळ मोकळं असलं तर.

आत्या तिथे एका बारक्या निळ्या फुलाच्या झाडासाठी राहिली होती. त्याची पानं दागिन्यातल्या ठुशीच्या मण्यांसारखी एकमेकांना घट्ट चिकटलेली, म्हणून ती त्याला ठुशीच म्हणायची. ते ज्या उतारावर उगवायचं, तो सगळा उतार दोन वर्षांपूर्वी ढासळून दरीत गेला. आत्याने आधी जमवलेल्या बियांतून सत्तावीस रोपं आली होती. जगात तेवढीच. ठुशी द्विवर्षायू (दोनच वर्षं जगणारी) असते. पहिल्या उन्हाळ्यात पानं, मग हिवाळा, दुसऱ्या उन्हाळ्यात फूल, बी आणि शेवट. हा एक हिवाळा रोपांनी काढला नाही, तर ठुशी कायमची संपणार होती.

चोवीस कुंड्या काचेच्या झाकणाच्या पेटीत ठेवल्या होत्या. तीन मावल्या नाहीत, त्या बाहेर दगडी भिंतीच्या आडोशाला राहिल्या आणि बर्फाखाली गेल्या.

डिसेंबरात आत्या पायरीवरून घसरली आणि तिचा पाय मोडला. अंथरुणातून तिने मला सांगितलं, "शाल्मली, दुपारी पेटीचं झाकण थोडं उघड, वारा लागू दे. बाकी काही करू नकोस."

बाकी काही करू नकोस! मला ते पटलंच नाही. आमच्याकडे आई आंघोळ झाली की तुळशीला तांब्याभर पाणी घालायची. ती गेल्यावर महिनाभर कुणाच्या ते लक्षात आलं नाही, माझ्यासुद्धा. तुळशीच्या नुसत्या काड्या उरल्या. इथे पेटीतली माती तशीच कोरडी ठणठणीत दिसत होती. मग मी रोज आंघोळ करून, तांब्यात कोमट पाणी घेऊन ठुशीला घालू लागले.

"हे नोंदवू का?" ठोंब्याने पहिल्याच दिवशी विचारलं.

"नको," मी म्हटलं. तिथेच माझं चुकलं.

जानेवारी संपताना पानं पिवळी पडली, मग काळी. बोट लावलं की लगदा व्हायचा. काही रोपं तर मातीतून वर ढकलली गेली होती, मुळं उघडी. चोवीसच्या चोवीस. मी रडत आत्याकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं.

आत्या कुबड्या घेऊन पेटीपाशी आली. एकेक कुंडी तिने बघितली. "मी काय सांगितलं होतं तुला?" तिचा आवाज चढला. "सहा वर्षं घालवली आहेत मी यांच्यामागे!"

"मला वाटलं, तहानेने मरतील. आपल्या तुळशीसारखी."

आत्या तिथेच उपड्या टोपलीवर बसली आणि मला जवळ ओढलं.

"ठुशी आत्ता सुप्तावस्थेत (गाढ झोपेत) असते," ती म्हणाली. "झोपेत तू पाणी पितेस का? थंडी सुरू झाली की ती पेशींमधलं बरंचसं पाणी बाहेर काढते आणि आत साखर साठवते. साधं पाणी चटकन गोठतं, गुळाचा पाक गोठत नाही. म्हणून कडाक्याच्या थंडीतही तिच्या पेशी फुटत नाहीत. थंडीने ती मरत नाही गं. ओलाव्याने मरते."

"ओलाव्याने कशी?"

"पाण्याची भरलेली बाटली फ्रीजरमध्ये ठेवली तर?"

"फुगते. फुटतेसुद्धा."

"मातीतलं पाणीही गोठताना फुगतं आणि मुळांना वर उचलतं. दुपारी काचेखाली ते वितळतं, संध्याकाळी परत गोठतं. रोजची ओढाताण! बारीक मुळं तुटतात. खालची माती गोठलेली, त्यामुळे पाण्याचा निचरा (वाहून जाणं) होत नाही. मग बुंधा कुजतो."

"बाहेर तीन कुंड्या नोंदीत आहेत," ठोंब्या म्हणाला.

मी फावडं घेऊन धावले. बिचाऱ्या बर्फाखाली गारठल्या असतील!

"थांब! बर्फाला हात लावू नकोस," आत्या ओरडली. "ठोंब्या, तापमापी खुपस."

बाहेर उणे बावीस अंश होतं. ठोंब्याने तापमापीची लांब सळई कमरेएवढ्या बर्फात कुंडीजवळ घातली. आकडा आला उणे दोन. मला खरंच वाटेना. मी त्याला पुन्हा मोजायला लावलं. परत उणे दोन.

"गोधडी स्वतः गरम असते का?" आत्याने विचारलं.

"नाही. आपली ऊब बाहेर जाऊ देत नाही."

"बर्फातही तशीच हवा अडकलेली असते. जमिनीची ऊब तो धरून ठेवतो. शिवाय आत सगळं स्थिर, वितळणं नाही की गोठणं नाही. पण हल्ली बर्फ दरवर्षी कमी पडतो. तो पडलाच नाही, तर या झाडांची गोधडीच गेली." एवढं बोलून ती आत गेली.

पुढचे तीन महिने मी त्या ढिगाकडे नुसती बघत राहिले. इतकं अवघड काम मी कधी केलं नव्हतं. मे महिन्यात बर्फ वितळला. एक रोप मेलेलं होतं. दोन हिरवी होती.

जुलैत दोन्हींना फुलं आली. ठोंब्याने कुंचल्याने एकाचे पराग दुसऱ्याला लावले. सप्टेंबरात त्रेचाळीस बिया मिळाल्या आणि दोन्ही रोपं वाळून गेली. मी रडले, पण या वेळी कुणाची चूक नव्हती. त्यांचं आयुष्यच तेवढं होतं.

ऑक्टोबरात आम्ही निम्म्या बिया खडीमिश्रित मातीत पेरल्या. थंडी लागल्याशिवाय ठुशीचं बी रुजतच नाही, म्हणून कुंड्या बाहेरच ठेवल्या. बर्फ आला नाही तर अंथरायला कोरडं गवत आणि वर धरायला काचेचं छप्पर तयार ठेवलं, चारी बाजू उघड्या असलेलं.

पेरताना मी माती एकदाच भिजवली. पुढे थंडीने खोरं गोठलं, तेव्हा एका सकाळी आंघोळ करून सवयीने तांब्या भरून बाहेर आले. कुंड्या कोरड्या दिसत होत्या. मी तांब्या खाली ठेवला आणि बाबांना फोन लावला.

"बाबा, तुळशीचं नवीन रोप आणा ना. आणि तिला रोज पाणी घाला हं. ती ठुशीसारखी झोपत नाही."

बाबा म्हणाले, "आजच आणतो."