इशाऱ्यावरचा नंबर

"तिसऱ्यांदा कर्ज नाकारलं," शिंपीण उभ्यानेच म्हणाली. "पुढच्या शनिवारपर्यंत पैसे भरले नाहीत, तर माझ्या दुकानाचा भाड्याचा गाळा शेजारचा इस्त्रीवाला विकत घेणार."

खासगी तपासनीस बाईंनी तिचा क्रेडिट रिपोर्ट पाहिला. वरच फसवणुकीचा इशारा होता: कर्ज देण्याआधी अर्जदाराला या नंबरवर फोन करून खात्री करावी.

"नंबर तुमचा?"

"नाही हो! इशाराही मी टाकलेला नाही."

"म्हणजे कुणीतरी तुमचं ओळखपत्र वापरलं. कुठे असतं?"

"एक प्रत दुकानात, एक घरी."

"इस्त्रीवालाच!" बाईंचे सोबती मास्तर म्हणाले. मास्तरांना गुन्हेगार नेहमी पहिल्या मिनिटाला सापडतो.

बँकेतला अधिकारी म्हणाला, "खात्रीचे फोन आम्ही बुधवारी दुपारी करतो. गेल्या तिन्ही बुधवारी एक बाई म्हणाली, अर्ज माझा नाही. मागे फुस्स, फुस्स चाललेलं, अगदी एका लयीत."

"वाफेची इस्त्री!" मास्तर उसळले.

इस्त्रीवाला बायकोसोबत कपड्यांच्या ढिगात होता. "गाळा हवाय, खोटं कशाला बोलू? पण गेल्या बुधवारी दिवसभर वीज नव्हती. इस्त्री थंड, आम्ही हातावर हात ठेवून बसलो."

शिंपीण भावाच्या घरी राहायची. आतल्या खोलीत वडील अंथरुणाला खिळलेले. उशाशी ऑक्सिजनचं मशीन, वीज गेली तरी बॅटरीवर चालणारं. वहिनी नाकाला पदर लावून दारातच उभी राहिली.

"सगळं नणंदच करते. बुधवारी दुपारी ती औषधं आणायला गेली की तेवढं मला बसावं लागतं. वासाने जीव नकोसा होतो."

"बहीण आहे म्हणून निभतंय," भाऊ म्हणाला.

बाईंनी इशाऱ्यावरचा नंबर फिरवला. वहिनीच्या कपाटात फोन वाजला.

"वीज नसताना इस्त्री फुसफुसत नाही, मास्तर," बाई म्हणाल्या. "हे मशीन फुसफुसतं. आणि बुधवारी दुपारी इथे कोण बसतं, ते यांनीच सांगितलं."

"दुकान स्वतःचं झालं की ही वेगळी राहणार!" वहिनी ओरडली. "मग म्हाताऱ्याची घाण कोण काढणार?"

भावाला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "घरातल्या घरात मिटवू," तो म्हणाला.

"शी!" बाई म्हणाल्या. "चोर परवडले. ते निदान परक्यांना लुटतात."

खाटेवरचे वडील सगळं ऐकत होते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

इशाऱ्यावरचा नंबर त्याच आठवड्यात बदलला. त्या बुधवारी ती औषधांना गेली नाही. दुपारी बँकेचा फोन आला, तेव्हा शिंपीण वडिलांचं भांडं उचलत होती.

"हो, मीच बोलतेय," ती म्हणाली. "अर्ज माझाच आहे."

फोन ठेवून तिने ते भांडं भावाच्या हातात दिलं.