तळाशी पाठमोरा

त्या सकाळी मी कर्जतच्या बाजारात मेणबत्त्या घ्यायला गेलो होतो. दिवा जरा अलीकडे सरकवा. माझी दृष्टी आता मंद झाली आहे, आणि हे सांगताना ऐकणाऱ्याचे तोंड दिसत असले की मला बरे वाटते.

दुकानदार हसून म्हणाला, "काय बुवा, देवाला तूप परवडेनासं झालं का? मेणबत्त्या कुठल्या देवळात लावताय?"

"देवळात नाही. आमच्या सहदेवाला यंत्राच्या मोटारी मेणात बुजवायच्या आहेत."

त्याचे हसू मावळले. त्याने पुडा माझ्या पिशवीत घातला. आमच्या पडवीत काय घडत आहे, ते पळसदरीपासून बाजारापर्यंत सर्वांना ठाऊक होते.

मालोजी माझा धाकटा मुलगा. त्याआधीच्या भाद्रपदात गणपती विसर्जनाला तो मूर्ती डोक्यावर घेऊन पळसदरीच्या तलावात उतरला आणि वर आला नाही. त्या ठिकाणी दगडाची जुनी खाण पाण्याखाली गेलेली आहे. काठापासून चार हातांवर तळ एकदम खचतो. गळ टाकून झाले, पोहणारे उतरून थकले. देह हाती आला नाही.

मी चाळीस वर्षे देवापुढे टाळ धरला आहे. देह म्हणजे पाण्यावरचा बुडबुडा, या चरणावर गावोगावी निरूपण केले आहे. मालोजी गेल्यावर मात्र रडू आले नाही, आणि देवाचा रागही आला नाही. पूजा नित्याप्रमाणे होत होती. चंदन उगाळताना हात फिरत असे, पण गंध नाकापर्यंत पोचत नसे.

प्रश्न होता तो सुंदराचा, मालोजीच्या बायकोचा. देह नसेल तर शास्त्राने वाट सांगितली आहे: पळसाच्या देठांचा आणि दर्भाचा पुतळा करावा, डोक्याच्या जागी नारळ ठेवावा, आणि त्याला अग्नी द्यावा. भावकीने तसे सुचवले. सुंदरा उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "आबा, त्यांचं तोंड मला दाखवा. मी माझ्या हातानं कुंकू पुसीन. पानांच्या बाहुल्यासाठी नाय पुसायची."

ती सधवा की विधवा, हे घरात कोणालाच सांगता येत नव्हते. सणाला तिला कोणी बोलावत नसे. सुतकाच्या घरीही बोलावत नसे.

म्हणून सहदेवाने तलावाच्या तळाशी जाऊन बघणारे ते यंत्र करायला घेतले. माझा थोरला सहदेव मोहोपाड्याच्या एका कारखान्यात वायरमन आहे. सुट्टीच्या दिवशी तो पडवीत प्लास्टिकचे पाइप कापून बसे. त्यांची चौकट केली, पाणी आत शिरावे म्हणून पाइपांना भोके पाडली. भंगारातल्या छोट्या मोटारी फोटोच्या रिळांच्या डब्यांत बसवल्या आणि डब्यांत वितळलेले मेण ओतले. मुंबईच्या जुन्या बाजारातून पहाऱ्याचा एक लहान कॅमेरा मिळाला. तो त्याने लोणच्याच्या काचेच्या बरणीत ठेवला आणि झाकणाखाली सायकलच्या ट्यूबचे रबर दाबून बसवले. शेजारी तशाच दुसऱ्या बरणीत दिवा. लांब केबलीने सगळे टेंपोच्या बॅटरीला आणि एका छोट्या टीव्हीला जोडलेले.

शेजारचा लडकू तलावात मासे धरतो. तो रोज येऊन थट्टा करी. "सहदेवा, बरनीत मीठ-मसाला घाल रं. निदान मासं तरी मुरून वर येतील."

"तू तराफा आन, मसाला मी आनतो," सहदेव मान वर न करता म्हणे.

गुरांच्या पाण्याच्या डोणीत त्याने यंत्र सोडून पाहिले. जाळ्याचे बूच आणि शिशाच्या गोळ्या कमीजास्त करीत तो बराच वेळ बसला. मी विचारले, "नेमके काय साधतो आहेस?"

"आबा, ते बुडलं नाय पायजे आनि तरंगलं पन नाय पायजे. जिथं सोडू तिथंच ऱ्हायलं पायजे."

मी डोणीत पाहिले. यंत्र पाण्याच्या मध्यावर निश्चल होते. माझे गेले काही महिने कसे गेले, हे मला त्या वेळी प्रथम कळले.

वैशाखात पाणी सर्वांत खाली जाते. असा एक दिवस धरून, ऊन डोक्यावर आल्यावर, आम्ही तिघे लडकूच्या तराफ्यावर बसलो. ट्रकच्या ट्यूबा आणि त्यांवर फळ्या, एवढाच तराफा. सुंदरा काठावर करंजाच्या सावलीत बसली. उन्हात टीव्हीचे चित्र दिसत नाही, म्हणून सहदेवाने टीव्हीसकट आम्हा दोघांवर घोंगडी ओढून घेतली. बाहेर लखलखीत दुपार होती आणि घोंगडीच्या आत मध्यरात्र. लोकरीचा, मेणाचा, तापलेल्या रबराचा वास दाटला होता. लडकू बाहेर केबल सोडत होता. ती फळीवरून सरकताना खरखर होई.

यंत्र खाली जाऊ लागले. पडद्यावर करडा धूर, मग कातळाची कापलेली कड, मग तळ. तळावर गाळाची मऊ, अखंड साय होती. जुन्या गणपतींचे अवशेष उभे होते: पाटाचा तुकडा, काथ्याने गुंडाळलेला एक हात, रंग गेलेले कान. सहदेवाच्या बोटाखालची बटणे टिकटिक वाजत होती.

"आबा..."

दिव्याच्या उजेडाच्या टोकाला एक माणूस बसलेला होता. पाठमोरा. जेवायला बसतात तशी मांडी घातलेली. कमरेला टॉवेल, करगोट्यातला चांदीचा ताईत. तो ताईत मीच मालोजीच्या बारशाला बांधला होता. इतक्या महिन्यांनी पाण्यात देहाचे काय होते, हे मला माहीत आहे. ती पाठ सकाळीच आंघोळ केल्यासारखी होती.

मला भीती वाटली नाही. काहीच वाटले नाही. मी म्हणालो, "तोंड बघू. त्याला उजवी घालून पुढे ने."

देवाला प्रदक्षिणा घालताना म्हणावे तसे ते माझ्या तोंडून गेले. सहदेवाने यंत्र उजवे घेऊन वळवले. पडद्यावरून कातळ सरकला, मूर्तीचा हात सरकला, पुन्हा कातळ आला. आता आम्ही त्याच्या पुढच्या बाजूला असायला हवे होते.

समोर पाठ होती.

"तो बी फिरतोय," सहदेव कुजबुजला.

"नाही." मी पडद्याला नाक लावले. "गाळ बघ... मांडीभोवतीचा गाळ हललेला नाही."

सहदेवाने आणखी एक फेरी घातली. मूर्तीचा हात, कातळ, आणि पाठ. कोठूनही पाहावे, पाठच. बाहेरून लडकू दबल्या आवाजात म्हणाला, "बुवा... केबल जड झालीय. कुनीतरी धरल्यावानी. वढू का?"

"ओढ," मी म्हणालो.

केबल क्षणभर ताठ राहिली, मग सैल झाली. यंत्र वर येऊ लागले. ती पाठ लहान होत गेली. आणि कोणाच्याही घरातून निघताना आपण जे म्हणतो ते, जन्मभराच्या सवयीने, माझे तोंड बोलून गेले.

"बरं आहे. येतो."

सहदेवाने माझे मनगट आवळले. "आबा! काय बोल्लात हे?"

मेलेल्याच्या घरातून उठताना, स्मशानातून परतताना तो शब्द आपण उच्चारत नाही. आपल्याकडे निघणारा 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. म्हणूनच मृताच्या दारात तोंड मिटून चालू पडायचे असते. हे मीच इतरांना शिकवीत आलो होतो.

मी घोंगडी दूर केली. उन्हाने डोळे दिपले. काठावर सुंदरा उठून उभी होती, डोक्यावर पदर घेतलेला, पाहुण्याला निरोप देताना असते तशी. एवढ्या अंतरावर माझे बोलणे पोचणे शक्य नव्हते.

तराफा काठाला लागताच तिने विचारले, "दिसले?"

"दिसला."

"तोंड बगितलं?"

खोटे बोललो असतो तर ती सुटली असती. "नाही," मी म्हणालो.

"मग आजून नाय," ती म्हणाली आणि घराकडे चालू लागली.

भावकीने पुढे ऐकून घेतले नाही. मृग लागण्याआधी पुतळ्याचा विधी ठरला. गुरुजींनी पळसाचे देठ बांधून देह रचला, नारळाचे डोळे आकाशाकडे करून त्याला निजवले. मंत्र म्हणून ते समिधा घ्यायला वळले, तेवढ्यात नारळाचे डोळे जमिनीकडे गेले. गुरुजींनी तो सरळ केला. पुन्हा तसेच झाले. तिसऱ्या वेळी त्यांनी माझ्याकडे पाहिले, मी मानेने होकार दिला, आणि सहदेवाने पालथ्या पुतळ्यालाच अग्नी दिला.

घरी बायकांनी सुंदराला घेरले. ती भिंतीला पाठ लावून बसली. इंदूबाई, माझी चुलत भावजय, रागावून म्हणाली, "अगं, जाळलं त्याला आता! कुनासाठी राखतेस गं कपाळ?"

"जाळलं ते झाडाचं हाय, काकी," सुंदरा म्हणाली. कोणी तिच्या अंगाला हात लावला नाही. तिचे कुंकू होते तसे राहिले. ते सगळ्यांनी पाहिले.

दिवेलागणीला माणसे उठली. रीतीप्रमाणे कोणी काही बोलले नाही. एकेकाने चपला घातल्या आणि अंगण ओलांडले. शेवटी लडकू गेला, तोही खाली मान घालून. मी ओसरीच्या खांबाला टेकलो होतो. अंगण रिकामे होते.

त्या रिकाम्या अंगणातून, अगदी जवळून, कोणीतरी म्हणाले, "येतो."

साधा, थकलेला आवाज. दिवसभर राबून आलेल्या माणसाचा असतो तसा.

घरातून सुंदराने उत्तर दिले, "या."

मी अभंगाचा एखादा चरण ओठांवर आणू पाहिला. आयुष्यभर पाठ असलेला एकही चरण आठवेना. खांब सोडून मी आत गेलो. माजघरात पणती लावलेली होती. गेलेल्या जिवाचे पाऊल उमटते म्हणून पणतीभोवती पीठ पसरतात, ते सुंदरा पसरत होती. दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरे आणि कोरडे होते. पीठ गुळगुळीत होते; त्यावर काहीही उमटलेले नव्हते.

"सुंदरा, कोणाला 'या' म्हणालीस?"

तिने मान वर केली. कुंकू पुसलेले होते. त्या जागी, भुवयांच्या मध्ये, ओल्या करड्या गाळाचा, एका बोटाचा ठसा उठला होता, आणि त्यातून पाण्याचा थेंब नाकाच्या शेंड्याकडे हळूहळू उतरत होता.

"हात नका लावू, आबा," ती म्हणाली. "वाळू द्यात."