समोरच्या दाराचा आठवडा

हे खरं आहे. आधीच सांगते, कारण माझ्या वर्गातल्या सगळ्यांनी "हो का, फेकू!" म्हणून झालंय. पण मी त्या जिन्यावर स्वतः उभी राहिले आहे. ती पाटी माझ्या या हातात धरली आहे. आधी वाचा, मग खुशाल हसा.

मागच्या नोव्हेंबरातला मंगळवार. दुपारचे चार. स्टुटगार्टमधलं एक जुनं, चार बिऱ्हाडांचं घर.

रोवेना मावशी फिलिपिन्सची. माझ्या आईबरोबर इस्पितळात नर्स आहे. तिची सहा वर्षांची मुलगी, अमिहान, तिकडे इलोइलोला रोवेनाच्या मोठ्या बहिणीकडे होती. दोन वर्षं रोवेनाने लेकीला जवळ घेतलं नव्हतं. तिला इकडे आणायचं तर आधी पुरेसं मोठं घर हवं आणि घराचा करार व्हिसाच्या कचेरीत दाखवायला हवा.

नऊ महिने वणवण केल्यावर घर मिळालं. तिसरा मजला, दोन खोल्या. छोटी खोली अमिहानची. भिंत पिवळी रंगवून झाली, पडदे लागले.

आमच्याकडे स्टुटगार्टला जुन्या घरांत जिना भाडेकरूच झाडतात. एकेक आठवडा एकेका घराकडे. ज्याचा नंबर, त्याच्या दाराला लाकडी पाटी लटकते. झाडून झालं की पाटी पुढच्या दाराला.

पहिल्या शनिवारी रोवेनाने जिना लख्ख केला आणि पाटी पुढच्या दाराला लावली.

म्हणजे समोरच्या.

कुणीही तेच केलं असतं ना? पाटी खालच्या मजल्यावर न्यायची, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. समोरच्या दारावर नाव नव्हतं, घंटा नव्हती. पण दार होतं. दार आहे म्हणजे माणूस असणारच.

बुधवारी रात्रपाळी करून ती सकाळी अंथरुणात शिरली, तेवढ्यात...

खर्र... खर्र... खर्र...

जिन्यावर कुणीतरी झाडत होतं.

"चला, शेजार कामसू आहे!" असं म्हणून ती कुशीवर वळली.

सोमवारी पाटी पुन्हा तिच्या दाराला.

फोनवर बहीण खो खो हसली. "जर्मनीत जाऊन झाडूच मारतेस? मग इथला खराटा काय वाईट होता गं!"

"अगं ताई, एक आठवडा मी, एक आठवडा समोरचे. असतो इथला नियम."

"तिन्हीसांजेला तेवढं झाडू नकोस बाई."

असे पाच आठवडे गेले. समोरचं माणूस एकदाही दिसलं नाही. रोवेनाने एकदा शेवयांचा डबा दाराशी ठेवला. दुसऱ्या दिवशी तो घासूनपुसून परत. बर्फासारखा गार.

आणि मग तळमजल्यावरच्या हेबर्ले काकूंनी तिला जिन्यात गाठलं.

"काय गं, पाटी गिळलीस की काय? पाच आठवडे खाली आली नाही!"

"समोरच्यांनी दिली नसेल, काकू."

"कोण समोरचे?"

"माझ्या समोरचे. छान झाडतात हो."

काकू गप्प झाल्या. या काकू, ज्या सायकल कुठे लावली यावरून अर्धा तास बोलतात, त्या!

"त्या दाराला आम्ही नंबर देत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "चाळीस वर्षांत कुणी दिला नाही."

"का?"

"एकदा आत घेतलं की बाहेर काढता येत नाही, पोरी."

आणि त्यांनी दार लावून घेतलं. आतून दोनदा किल्ली फिरली.

रोवेनाने त्याच संध्याकाळी पाटी दुसऱ्या मजल्यावरच्या दाराला लावली.

सकाळी ती तिच्याच दाराला होती.

आता तो मंगळवार. पाच वाजता कचेरीत अमिहानचे कागद द्यायचे होते. ही वेळ चुकली तर पुढची चार महिन्यांनी. फाइल छातीशी धरून रोवेना बाहेर पडली. दाराला पाटी होतीच. तिने तिकडे बघितलंसुद्धा नाही.

एक मजला उतरली. पायऱ्या ओल्या होत्या.

खालून आवाज आला... खर्र...

आणखी एक मजला. आवाज अजून एक मजला खालीच.

ती वळली आणि...

समोर तिचंच दार. पाटी हळूहळू हलत होती.

ती पुन्हा धावत उतरली. एक, दोन, तीन मजले. पुन्हा तिचंच दार.

"हेबर्ले काकू!" ती ओरडली. आवाज जिन्यातच विरला. एरवी कुणाचा ना कुणाचा रेडिओ ऐकू यायचा. आज काहीच नाही. खिडकीबाहेर दिवस मावळत चालला होता.

तिसऱ्यांदा तेच.

खर्र थांबलं.

कुणीतरी वाट बघत होतं.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. हा आठवडा तिचा होता.

तिने घरातून झाडू आणला. तिन्हीसांज झाली होती, बहिणीचे शब्द कानात होते, तरी ती झाडत सुटली. एकेक पायरी. रडत. शेवटच्या पायरीवरचा कचरा भरला, आणि बाहेरचं दार समोर उभं.

कचेरी तिने पळत गाठली. कागद घेतले गेले. शिक्का बसला. अमिहानचं नाव आता त्या पत्त्यावर.

घरी आली तर दाराला पाटी नव्हती. समोरच्याही नव्हती. तिने हुश्श केलं. कुलूप उघडून आत आली.

पाटी आत होती.

पिवळ्या खोलीच्या दाराला. अगदी खाली. सहा वर्षांच्या मुलीचा हात पोचेल, एवढ्या उंचीवर.

"घर सोड," माझी आई म्हणाली. घर सोडलं तर शिक्का गेला. पुन्हा नऊ महिने शोध, पुन्हा चार महिने वाट. "दोन वर्षं झाली गं," रोवेना मावशी एवढंच म्हणाली. "ती फोनवर विचारते, आई, तू खरी आहेस ना?"

आता ती रोज झाडते. दोघांचेही आठवडे. पाटी मात्र तिथून हलत नाही. मी स्वतः काढून खाली नेली होती. वर येईपर्यंत परत तिथेच.

अमिहानचं विमान येत्या शुक्रवारी आहे.

काल आम्ही तिचा पलंग जोडायला गेलो होतो. पलंगाशेजारी एक नवीन झाडू उभा होता. लहानसा. माझ्या कंबरेलाही न पोचणारा.

"मावशी, हा एवढा छोटा कशाला?"

रोवेना मावशी उशीला अभ्रा घालत राहिली.