दुसरा ब्रेक

पिंडाला कावळा शिवेना... मुठेच्या घाटावर ऊन चढत चाललं होतं, आबांच्या दहाव्याला जमलेली माणसं घामेजली होती, आणि समोरच्या पिंपळावरचे कावळे खाली पाहतही नव्हते.

"काही इच्छा मागे राहिली असेल तर बोला. शब्द द्या," गुरुजी म्हणाले.

आबांचे धाकटे भाऊ, रंगरावकाका, पुढे झाले. "जयसिंगदादा, इक्रमची काळजी करू नगंस. त्याच्या पाठीशी आम्ही हाय." आबांचा जीव मुलात, विक्रममध्ये, त्याच्या पुढच्या शर्यतीत अडकला असणार, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. कावळे हलले नाहीत.

"थोरल्या लेकीला, शेफालीला बोलू द्या की," कुणीतरी म्हणालं.

"ती काय बोलती? कावळा खाली आला तर हीच पळंल," काका म्हणाले, आणि दहाव्यालाही चार माणसं हसली.

शेफालीने मान खाली घातली. सोळा वर्षं ती या घरातली घाबरट मुलगी होती... विक्रमहून दोन वर्षांनी मोठी, त्याच्याबरोबरच शर्यतीची गाडी शिकलेली. कोइमतूरच्या ट्रॅकवर दोघांची चाचणी झाली तेव्हा संघाच्या मॅनेजरने आबांना स्पष्ट सांगितलं होतं, की चालवतात दोघंही उत्तम, पण मोसमाचा खर्च घरून येईल त्यालाच गाडी मिळेल. पहिल्या मोसमात दिसलेल्यालाच जाहिरातवाले विचारतात, त्या पैशातून पुढच्या वर्षी बरी गाडी मिळते, बऱ्या गाडीत माणूस जिंकतो, आणि जिंकणाऱ्याकडे आणखी पैसा येतो. त्यांच्याबरोबर शिकलेल्या, त्यांच्याइतक्याच वेगवान सुदर्शनच्या घरी विकायला काही नव्हतं. तो आज स्वारगेटला बस चालवतो. आबांकडे लोहगावची वडिलोपार्जित जमीन होती, आणि ती विकून एकाच लेकराचा खर्च निघत होता.

"शेफे, जमिनीला तुझी पण सही लागती," परतीच्या वाटेवर आबा म्हणाले होते. "अन् घरात सांग, तुला वेगाची भीती वाटती म्हणून. न्हाईतर तुला सोडून इक्रम गाडीत बसायचा न्हाई. तू काय, उद्या लग्न होऊन जाशील..." बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्या अश्रूंपुढे तिचं काळीज हरलं. तिने सही केली. खोटंही बोलली.

आता विक्रम पिंडापुढे आला. त्याने हात जोडले.

"आबा, ताई घाबरली नव्हती. चाचणीचे आकडे इंजिनिअरने मला तेव्हाच दाखवले होते. तिसऱ्या वळणावर ती माझ्यापेक्षा उशिरा ब्रेक लावायची, वेग शेवटपर्यंत न सोडता... प्रत्येक फेरीत. मला माहीत होतं. मी गप्प बसलो, कारण गाडी मला हवी होती."

आई, विजयमालाबाई, लेकीकडे अशा पाहत राहिल्या, जणू ती त्यांना आज प्रथमच दिसत होती.

"खरं हाय, शेफे?"

शेफालीने होकारार्थी मान हलवली. इतकी वर्षं अंतःकरणात कोंडलेली वेदना डोळ्यांवाटे वाहू लागली होती.

कावळा तरीही आला नाही. अखेर तीच म्हणाली, "दर्भाचा कावळा करा, गुरुजी. किती वेळ थांबायचं?"

निघताना विक्रमने आई-काकांना आपल्या मोठ्या गाडीत बसवून दिलं आणि तो तिच्या जुन्या गाडीपाशी आला. येरवड्यात ती बायकांना ड्रायव्हिंग शिकवायची. शिकवणीच्या त्या गाडीत डाव्या सीटपुढेही एक ब्रेक होता, आणि तिथे बसून दुसऱ्यांसाठी तो दाबणं, हीच तिची रोजी होती.

"ताई, माझं अर्धं तुझ्या नावावर करतो."

"कर. माझा वाटा होताच तो." तिने डोळे पुसले. "पण अडतीस वर्षांच्या बाईला शर्यतीची गाडी कोण देणार आता?"

तिने चालकाच्या बाजूचं दार उघडलं.

"बस. डावीकडे."

पूल ओलांडल्यावर रस्ता मोकळा मिळाला. तिने वेग वाढवला, आणखी वाढवला... वळण समोर आलं, आणि गाडी एकदम हिसका देऊन मंदावली.

"विक्रम," रस्त्यावरची नजर न हलवता ती म्हणाली, "ब्रेकवरचा पाय काढ."

त्याने दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले.