दोन कपांचं बटण

आमच्या घरात कॉफी पिणारी मी एकटी. बाकी सगळं खानदान चहावालं, आणि चहा तरी कसला, साखरेच्या पाकात पत्ती बुडवलेला. सासर अमळनेरकडचं, माहेरही तिकडचंच, माझा जन्म मात्र सुरतेच्या गोडादऱ्यात, लूमच्या खडखडाटात झाला. लग्न झाल्यापासून मी पातेली भरभरून चहा उकळलाय. आता पर्वत पाटियाला स्वतःचा फ्लॅट झाला, भेस्तानच्या बाजूला एका मिलमध्ये मी रंगाच्या लॅबची इन्चार्ज झाले, तेव्हा म्हटलं, बास झालं. मला बटण दाबलं की दाणे दळून, दाब देऊन, ताजी कॉफी कपात ओतणारं मशीन पाहिजे. भारीतलं पाहिजे, आणि माझ्या पगारातून पाहिजे.

माझा नवरा ललित. नावाने मी त्याला मनातल्या मनात हाक मारते, तोंडावर 'अहो'. एम्ब्रॉयडरीचा कारखाना आहे त्याचा, माणूस हसतमुख, कुणाला दुखवणार नाही. गेल्या वर्षी कारखान्यातच त्याच्या छातीत कळ आली. स्टेंट बसवला, डॉक्टर म्हणाले, आता ठणठणीत आहे. तो विसरूनही गेला. मी विसरले नाही. दुपारी जेवून तो सोफ्यावर पडला आणि जरा जास्तच शांत झोपला, तरी माझा हात त्याच्या नाकापाशी जातो. कुणी हसो, मला काही फरक पडत नाही.

तर एका रविवारी नाश्त्याला लोचो खाऊन आम्ही वेसूच्या एका मोठ्या शोरूममध्ये गेलो. तिथली मुलगी स्नेहा, विदर्भातली, पण सुरतेत वाढलेली. वाक्य मराठीत सुरू करायची आणि गुजरातीत संपवायची. तिने मला सगळं नीट दाखवलं. वरून दाणे टाकायचे, मागे पाण्याची टाकी, काचेवर बोट ठेवलं की दळण जाड किंवा बारीक. पुढे दोन तोट्या. दोन कपांच्या चित्राचं बटण दाबलं की दोघांचे कप एकदम भरतात.

आमच्या आधी एक गुजराती काका-काकी मशीन बघत होते. दोघांनी आपापला कप आपापल्या तोटीखाली ठेवला. दाणे दळले, घुरघुर झाली, काकींचा कप भरला. काकांचा कोराच.

"सॉरी काका, तोटी जाम असेल," स्नेहा ओशाळली.

"मारे क्यां पीवी छे," काका हसले. डॉक्टरनेच नाही सांगितलंय म्हणे. तरी मशीन त्यांनी पसंत केलं, काकींसाठी.

स्नेहा तोटी साफ करायला पिन शोधत होती. माझा स्वभाव उतावळा. मी आमचे दोन कप ठेवले आणि बटण दाबलं. दोन्ही कप खुणेपर्यंत भरले. ललितने घोट घेऊन मान डोलावली. मी मात्र त्या तोट्यांकडे बघत राहिले. आतून एकच नळी येते आणि शेवटी तिला दोन फाटे फुटतात. एक फाटा तुंबला तर सगळी कॉफी दुसऱ्यातून यायला हवी, काकींचा कप उतू जायला हवा होता. तो तर नेमका खुणेपर्यंत भरला होता. खालची थाळीही कोरडी होती. लॅबमध्ये असा हिशेब कुणी माझ्यापुढे आणला असता तर मी त्याला परत पाठवला असता.

त्या दिवशी काही घेतलं नाही. एवढी मोठी वस्तू, चार ठिकाणी बघून घ्यावी.

पुन्हा गेलो तेव्हा तेच मशीन कोपऱ्यात खोक्यासकट उभं होतं. मी विचारलं, काकांनी नेलं नाही का अजून?

"ऑर्डर कॅन्सल झाली, मॅडम," स्नेहा म्हणाली. मग आवाज खाली आणून, "काका ऑफ थई गया ने. काकी म्हणाल्या, आता एकटीसाठी कशाला."

बाई, मी त्या खोक्यापासून दोन पावलं मागे सरले. पण मी मिलमध्ये काम करणारी बाई आहे, लिंबू-मिरचीला हात लावत नाही. म्हातारं माणूस होतं, गेलं. मी म्हटलं, दुसरं दाखव, याच्यापेक्षा वरचं.

वरचं मशीन काळं, चकचकीत होतं. ललितने आपला कप डावीकडे ठेवला, मी उजवीकडे. बटण दाबलं.

माझा भरला. त्याचा कोरा.

"जाम," ललित म्हणाला, आणि हसला.

मी कप बदलले नाहीत. त्याला उजवीकडे उभं केलं, मी डावीकडे गेले. ज्याने त्याने आपला कप ठेवायचा, असं सांगितलं. आता डावी तोटी वाहिली आणि उजवी कोरडी राहिली. मग मी स्नेहाला ओढलं, म्हटलं, तू ठेव कप. तिचा आणि माझा, दोन्ही भरले. ललितचा आणि स्नेहाचा ठेवला तर स्नेहाचाच भरला. स्नेहाने मशीनकडे बघितलं, मग ललितकडे, आणि एकदम आत निघून गेली. पाणी आणते म्हणाली, ती बाहेर आलीच नाही.

"काय व्हयनं व?" ललितने विचारलं. घरची अहिराणी त्याच्या तोंडी अशी कुठेही येते. "चेहरा काय असा?"

"काही नाही. हे मशीन भंगार आहे."

घोडदोड रोडच्या दुकानात दुसऱ्या कंपनीचं, दुसऱ्या देशातलं मशीन होतं. दुधाचा फेस इतका सुरेख यायचा की त्यावर चमचा उभा राहावा. माझ्या कपात आला. ललितच्या कपात नुसती वाफ. पैसे मोजणाऱ्या मालकाला मी नको ते बोलले, तुमची मशीनं नासकी आहेत म्हणाले. बिचाऱ्याने मशीनचा प्लगच काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी ललितला जबरदस्तीने हॉस्पिटलात नेलं. ईसीजी, सोनोग्राफी, रक्त, सगळं काढलं. सगळं छान. डॉक्टर माझ्यावरच चिडले. "बेन, टेन्शन तुम्हाला आहे, यांना नाही. यांना चांगलं घोड्यासारखं काम करू द्या." ललित सगळ्या वाटेत मला चिडवत होता. मी खिडकीबाहेर साड्यांची पोती भरलेले टेम्पो बघत बसले. माझा नवरा जाणार, हे मला एका कॉफीच्या मशीनने सांगितलंय, असं कुणाला सांगू? सासूबाईंना? त्या अमळनेरहून उठून भगताला घेऊन आल्या असत्या.

मशीन घ्यायचंच नाही, असंही ठरवून बघितलं. पण मला राहवेना. कुठल्यातरी एका तरी मशीनमधून त्याच्या कपात थेंब पडलेला मला बघायचा होता.

तसं मशीन पिपलोदच्या दुकानात सापडलं. म्हणजे, पहिल्यांदा तिथेही तेच झालं. माझ्यासमोर काठोकाठ भरलेला कप, आणि शेजारी माझा नवरा कोरा कप हातात धरून उभा, चेहऱ्यावर तेच हसू. मला ते बघवेना. असं कधी झालंय का आपल्याकडे, की बाईने भरला कप घेऊन बसावं आणि पुरुष कोरडा? सुरतेत तर टपरीवर अनोळखी माणूससुद्धा समोरच्याला अडधी, म्हणजे आपल्यातला अर्धा चहा, पाजतो. मी त्याच्या हातातला कप ओढला आणि माझी अर्धी कॉफी त्यात ओतली.

"प्या," म्हटलं. "आत्ता. माझ्यासमोर."

त्याने एका दमात पिऊन टाकली. सेल्समन खाली बघत होता. नवरा-बायकोचं काहीतरी चाललंय, असं वाटलं असेल त्याला.

मी पुन्हा कप ठेवले, पुन्हा बटण दाबलं.

दोन्ही तोट्या वाहायला लागल्या. मी वाकून बघत होते. दोन बारीक धारा, अगदी सारख्या. अर्ध्यावर आल्या आणि दोन्ही एकदम थांबल्या.

"मॅडम, कप मोठा सेट करून देतो," सेल्समन म्हणाला. त्याने काचेवर बोट फिरवून सगळ्यात मोठं माप लावलं. पुन्हा दोन्ही अर्धेच. त्याने सर्व्हिसवाल्याला फोन लावला. मी म्हटलं, राहू द्या हो. हेच पॅक करा.

लोक दाणे कसे दळले जातात ते बघतात, साफसफाई किती सोपी ते बघतात. मी एवढंच बघितलं, की नवऱ्याच्या तोटीतून काहीतरी येतंय.

मशीन घरी आलं. ओट्यावर त्याला जागा करायला मिक्सर हलवला. रोज सकाळी दोन कप, अर्धे अर्धे. ललित आपला कप घेऊन बाल्कनीत जायचा, तिथून कारखान्यातल्या कारागिरांना फोन करायचा, आणि रिकामा कप आणून सिंकमध्ये ठेवायचा. तो रिकामा कप धुताना मला इतकं बरं वाटायचं की काय सांगू.

एकदा शेजारच्या प्रमिलाबाई आल्या. त्यांनी आणि मी कप ठेवले. त्यांचा काठोकाठ भरला. माझा अर्धा.

"तुम्ही कमी पिता का?" त्यांनी विचारलं.

"हो, डॉक्टरने सांगितलंय," मी म्हटलं.

मला वाईट वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, थोडं वाटलं. दिवाळीनंतर केस मुठीने गळायला लागले. लॅबच्या जिन्यावर अर्ध्यात थांबावं लागायचं. नखं निळसर दिसायची. लॅबमधल्या पोरी विचारायच्या, मॅडम, बरं नाही का? व्हिडिओ कॉलवर सासूबाई म्हणाल्या, "हर्षदा, कितली वाळी गयी व तू." मी हसून टाळलं. मनात म्हटलं, तुमचा मुलगा आहे ना समोर, लालबुंद, खडखडीत. मग झालं तर. मला माहीत होतं मी काय देऊन बसलेय, आणि देऊन बसलेय याचा मला गर्व होता.

डिसेंबरातल्या एका रविवारी मी पोंकची, हुरड्यासोबत खातात ती, शेव वाटीत घालून बाल्कनीत नेली. त्याला आवडते म्हणून.

ललितची पाठ माझ्याकडे होती. कानाला फोन. दुसऱ्या हातातला कप त्याने सहज, सवयीने, कोपऱ्यातल्या कुंडीत उपडा केला.

ती कुंडी आधीच्या मालकाने टाकून दिलेली. आम्ही आलो तेव्हा तिच्यात जास्वंदीचा एक वाळका खुंट होता. फेकायची राहून गेली होती. मी तिकडे कित्येक दिवस बघितलंच नव्हतं.

आता ते झाड माझ्या खांद्याच्या वर गेलं होतं. पानं तळहाताएवढी, जाड, तेल लावल्यासारखी. खोड मनगटाएवढं. एवढ्या थंडीत.

"अहो."

तो दचकला. मग कप लपवल्यासारखं करून हसला. चोरी पकडली गेलेल्या माणसासारखं, पण गोड.

"माले कडू नही चालस व," तो म्हणाला. "तुनी इतली हौस. तुले वाईट वाटी म्हनीसन बोललो नही."

"कधीपासून?"

"मशीन आलं तेव्हापासूनच." मग झाडाच्या पानावर थोपटत, "पण वाया नाही गेली बघ. कॉफीचं खत एकदम भारी असतं म्हणतात. मेलेलं झाड जगलं."

मी शेवेची वाटी कठड्यावर ठेवली.

"एकदाही नाही?" मी विचारलं. "एक घोटसुद्धा?"

"त्या दुकानात प्यालो होतो की. तू डोळे वटारले म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला बाल्कनीत जाऊ दिलं नाही. ओट्याशी उभं केलं. त्याने त्याचा कप ठेवला, मी माझा. मी बटण दाबलं.

दाणे दळले. घुरघुर झाली.

माझा कप अर्धा भरला.

त्याचा कोरा.

"घे, मशीनलाही समजलं मला नको ते," ललित खुशीत आला. माझ्या गालाला हात लावला. त्याचे हात गार होते. मग त्याने आपला कोरा कप तिथेच सोडला आणि गॅसवर चहाचं पातेलं चढवलं. साखर दोनदा टाकली. शीळ घालत बाल्कनीत गेला.

मी ओट्याशी उभी राहिले. माझ्या हातात अर्धा कप होता. समोर त्याचा कोरा. मी दिलेलं सगळं त्या कुंडीत गेलं होतं. अर्ध्याचं अर्धं काढता येतं. हात थोडा वाकडा करायचा, बस. त्याला हाक मारायची, साखर घालायची, नाक दाबून पाजायची.

माझा हात कोऱ्या कपावर गेला. तिथेच थांबला.

"हर्षदा, लवकर ये," बाहेरून त्याने हाक मारली. "कळी धरलीये बघ! एक नाही, सगळ्या फांद्यांना!"

मी माझा अर्धा कप परत ओढला, तोंडाला लावला, आणि तिथेच उभ्याने, थेंबही न ठेवता, पिऊन टाकला.