उतरण्याच्या खुणा

रसायनशास्त्राच्या अध्यापनातून निवृत्त झाल्यावर यज्ञेश्वरांनी झाशीतल्या आपल्या घराच्या मागच्या खोलीत एक टेबल मांडले आणि नव्या वस्तू जुन्या करण्याचा उद्योग आरंभला. पितळी पत्र्याची वीतभर इंजिने, ट्रक, तोफा ते स्वतः घडवत, रंगवत आणि मग त्या रंगाचे टवके उडाल्याचा आभास निर्माण करत. स्पंजाचा फाटका तुकडा तपकिरी रंगात बुडवायचा, कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करायचा आणि कडांवर अलगद टेकवायचा. ओरखड्यांसाठी तीन केसांचा ब्रश. "लोक जुनं देऊन नवं आणतात, आमच्याकडे उलटा बाजार," असे त्यांच्या पत्नी प्रेमलाताई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

मात्र ही झीज ते मनाला येईल तशी रंगवत नसत. झिजेला कारण असते, हा त्यांचा सिद्धान्त होता. माणूस वर चढतो तेव्हा बुटाचे टोक घासते. खूण आखूड आणि खोल पडते. उतरतो तेव्हा टाच घसरते. खूण लांब आणि उथळ पडते. जिथे हात नाही, पाय नाही, तिथे ओरखडा काढणे हा त्यांच्या लेखी खोटेपणा होता.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात जवळच्या बबीन्याच्या लष्करी छावणीकडून कांताबाई आल्या. त्यांचे पती जयसिंग रणगाड्याचे ड्रायव्हर होते. एकाहत्तरच्या लढाईत जयसिंगही परतले नाहीत आणि त्यांचा रणगाडाही सापडला नाही. कागदावर 'बेपत्ता' हा एकच शब्द आला. कांताबाईंचे माहेर-सासर दोन्ही साताऱ्याकडे, पण त्या परत गेल्या नाहीत. छावणीबाहेर दोन खोल्या घेऊन शिवणकामावर त्यांनी सत्तावीस वर्षे काढली. का, असे प्रेमलाताईंनी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यांना ठावा असलेला पत्ता ह्योच हाय, दीदी."

त्यांनी एक फोटो पुढे ठेवला. रणगाड्यावर बसलेला, डोळे बारीक करून हसणारा तरुण. त्यांना हा रणगाडा हवा होता. पण नवा नको, चालवलेला हवा होता. यज्ञेश्वरांनी विचारले, ते कुठल्या बाजूने चढत? डाव्या, असे त्यांनी तात्काळ सांगितले. तुकडी पूर्वी घोड्यांची होती; घोड्यावर डावीकडून बसतात म्हणून जुनी माणसे रणगाड्यावरही डावीकडूनच चढत आणि डावीकडूनच उतरत.

जुलैपर्यंत काम झाले. पाटावर वाळू, वाळूत रणगाडा, डाव्या बाजूला बुटाच्या टोकाच्या सात खुणा आणि टाचेच्या चार. वरून मॅट वार्निशचा हात तेवढा राहिला होता. तो पुढच्या रविवारी कांताबाईंनी पाहिल्यावर द्यायचा, असे त्यांनी ठरवले.

कांताबाईंनी भिंगातून बराच वेळ पाहिले आणि विचारले, चढायच्या खुणा नऊ कशा?

यज्ञेश्वरांनी मोजल्या. नऊच होत्या. त्यांतल्या दोन त्यांच्या नव्हत्या. त्यांच्या खुणेत काहीच उडालेले नसे. हिरव्या रंगावर तपकिरी रंग बसलेला असे. या दोन ठिकाणी रंग खरोखरच उडाला होता. खाली पितळ दिसत होते.

हाताळताना नखाने उडाला असेल, असे ते म्हणाले. तरीही त्यांनी फोटो काढले, रणगाडा काचेच्या पेटीत ठेवला आणि पेटीच्या फटीवर कागदी पट्टी चिकटवून सही केली. पुढच्या रविवारी पट्टी शाबूत होती. चढायच्या खुणा तेरा होत्या, टाचेच्या चारच. त्याच्या पुढच्या रविवारी एकोणीस. पत्रा आकुंचन पावतो, रंगाची पकड सुटते, हे त्यांना ठाऊक होते. पण पत्रा फक्त बुटाच्या टोकाच्या आकारातच आणि फक्त डावीकडेच का आकुंचन पावतो, हे त्यांना सांगता येईना. वार्निश लावू द्यायला कांताबाई तयार नव्हत्या. एकदा का तो थर बसला, की आणखी काही उमटणार नाही, हे यज्ञेश्वरांनीच त्यांना समजावले होते.

त्यांचा सिद्धान्तही कांताबाईंना पाठ झाला होता.

"चढत्यात," त्या रविवारी त्या म्हणाल्या. "उतरत न्हाईत."

यज्ञेश्वरांनी पट्टीवरची आपली सही पुन्हा तपासली.

"साहेब, मला एवढंच कळाया पायजे व्हतं. ते आतनं भायेर आले, का आतच..." त्यांनी भिंग खाली ठेवले. "आता कळलं म्हणायचं."

त्या आठवड्यात यज्ञेश्वरांनी आयुष्यात प्रथमच निष्कर्ष आधी ठरवला आणि पुरावा नंतर तयार केला. पट्टी फाडून त्यांनी रणगाडा बाहेर काढला. डाव्या बाजूला जागाच उरली नव्हती, म्हणून उजव्या बाजूला, झाकणापासून वाळूपर्यंत, टाचेच्या पाच लांबट खुणा तीन केसांच्या ब्रशने रंगवल्या. नवी पट्टी लावून पुन्हा सही केली. रविवारी कांताबाईंनी त्या खुणा पाहिल्या, पदर तोंडाला लावला आणि रणगाडा त्याच दिवशी बसने बबीन्याला नेला. उजवी बाजू कशी, हे त्यांनी विचारले नाही.

पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. तेव्हा यज्ञेश्वर खरे काय ते सांगून टाकायचे ठरवून बबीन्याला गेले. भुरभुर पाऊस पडत होता. कांताबाईंनी छत्री धरून फाटकाचे कुलूप काढले, त्यांना आत घेतले आणि सवयीने पुन्हा लावले. त्यांनी केसांना तेल लावले होते. चेहरा दहा वर्षांनी तरुण दिसत होता. यज्ञेश्वरांनी तोंड उघडण्याआधीच त्यांनी रणगाडा पुढे ठेवला.

"आता मारा वार्निश, साहेब. आता चालंल."

यज्ञेश्वरांनी भिंग लावले. त्यांनी रंगवलेल्या पाच खुणा जागेवर नव्हत्या. तिथे रंग उडाला होता. टाचेच्या पाच खुणा, लांब, उथळ, खाली पितळ. वाळूत पावलांची एक ओळ होती. ती रणगाड्यापासून निघून पाटाच्या कडेपर्यंत गेली होती.

परतीची ओळ नव्हती.

"उजवीकडनं कधी उतरत न्हवते," कांताबाई म्हणाल्या. "कुणीतरी वाट दावली असंल."

खरे सांगायचे राहून गेले. चहा झाला. यज्ञेश्वरांनी वार्निशची बाटली पिशवीतून काढलीच नाही. कांताबाईंनी बसून राहण्याचा आग्रह केला नाही. उलट त्यांचे लक्ष सारखे दाराकडे होते. चहा घेता घेता पाऊस थांबला होता. त्या किल्ली घेऊन पुढे झाल्या.

फाटक लोखंडी, छातीएवढे, हिरव्या रंगाचे होते. कुलूप जसेच्या तसे होते. बाहेर आल्यावर सवयीप्रमाणे यज्ञेश्वरांची नजर खालच्या आडव्या पट्टीकडे गेली. तिच्या बाहेरच्या अंगाला रंग उडाला होता. खूण आखूड आणि खोल होती, बोटभर रुंद.

येताना ती तिथे नव्हती, असे ते शपथेवर सांगू शकले नसते. ते वाकले.

जमीन ओलीचिंब होती. तिच्यावर पडलेले हिरवे टवके वरून कोरडे होते.